साडूचा मोजा

"जग चुकेल, पण माझं घड्याळ चुकायचं नाही," असं म्हणत टिकटिककाकांनी काकूंना अर्ध्या वेणीनिशी गाडीत बसवलं.

सभागृहाला कुलूप होतं. मेहुण्याच्या निरोपसमारंभाला अजून पाऊण तास होता. काकूंनी उरलेली वेणी पायरीवर बसून घातली.

ठरल्या वेळेला साडू आले. मनगटावर काकांच्याच महागड्या कंपनीचं घड्याळ.

"काय साडूभाऊ, झाडलोट आटोपली का?" त्यांनी काकांना विचारलं.

काका बावीस वर्षं त्या एकाच कंपनीची घड्याळं जमवत होते. अकरा होती, सगळी चावीची, सेकंदाला पक्की. पण वर्षभरात एकेक बिघडत गेलं. कुठलं दिवसाला पाच मिनिटं पुढे, कुठलं बारा. नवी तर नवी, जुनीसुद्धा! उरलेलं एक भरवशाचं म्हणून आज मनगटावर बांधलं, तर तेही पाऊण तास पुढे!

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," काका म्हणायचे. "नव्या मालाची संगत लागली. कंपनी कामातून गेली!"

साडूंकडे मात्र एकच होतं, आणि ते बिनचूक चालायचं. काकांच्या पोटात दुखायचं ते तिथेच.

"माणूस मोज्यात ठेवतो हो घड्याळ! फाटक्या मोज्यात!" काका तळमळायचे. "आणि आमची राजकन्यांसारखी!"

राजकन्यांसाठी त्यांनी गेल्या वर्षी मुद्दाम सागवानी पेटी करून घेतली होती. आत मखमल. ना कडी, ना कुलूप. झाकण जवळ नेलं की आपणहून टक्कन बसायचं. पाहुण्यांना तो 'टक्' चहाच्या आधी तीनदा ऐकावा लागे.

घड्याळजींनी एकदा विचारलं होतं, "चुंबकाजवळ ठेवता का कुठे? स्पीकर, फ्रिज? चावीची घड्याळं त्यानं पुढे पळतात."

"मला शिकवता? बावीस वर्षं जमवतोय!" काका घड्याळ उचलून तडक घरी आले होते.

निरोपसमारंभाहून निघताना काकांनी साडूंचं घड्याळ आठ दिवस मागून घेतलं. मखमलीवर ठेवलं. नवव्या दिवशी ते बारा मिनिटं पुढे गेलेलं बघून काका वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवले.

"बघा! तुमचंही गेलं!"

"असं होय," म्हणत साडूंनी ते घड्याळजींकडे नेलं. संध्याकाळी ते पुन्हा बरोबर चालत होतं. मोज्यात.

काकांचा संयम सुटला. "मला या कंपनीचं तोंड बघायचं नाही. न्या सगळी!" त्यांनी अकराच्या अकरा साडूंना भंगाराच्या भावात देऊन टाकली. बसा आता निस्तरत, असं मनातल्या मनात म्हणाले.

"पेटीही न्या."

"नको हो. मोजे आहेत माझ्याकडे."

चार दिवसांनी साडूंचा फोन आला. "घड्याळजींनी दोन-दोन मिनिटांत लावून दिली. अकराही एका सुरात चालताहेत!"

"थापाड्या," फोन ठेवून काका म्हणाले.

"अहो, पेटी रिकामीच आहे तर मी शिवणाचं ठेवते," काकू म्हणाल्या. त्यांनी सुयांची पुडी आत ओतली. झाकण टक्कन बसलं. मग दोरा राहिला म्हणून त्यांनी पेटी पुन्हा उघडली.

मखमलीवर एकही सुई नव्हती. सतराच्या सतरा झाकणाच्या काठाला लटकल्या होत्या.