जळकी चव

“पुन्हा जळकंच!” दोक्सूने व्हेप, ती बॅटरीवरची सिगारेट, तोंडातून काढली आणि खोकत खोकत गल्ल्यावर ठेवली. “ओढवत नाही. जुनं गोणपाट पेटवून कुणी घशात कोंबतंय, असं वाटतं.”

त्याच्या बायकोने, ओकबुनने व्हेप उचलली. दुपारची गर्दी ओसरली होती. कोरियातल्या तोंगयंग बंदराजवळची त्यांची नूडल्सची खाणावळ आता संध्याकाळपर्यंत रिकामीच राहणार होती. नळाखाली उभी राहून तिने टाकी उघडली. काचेची नळी, ओठांत धरायचा तुकडा, रबरी कड्या, सगळं सुटं केलं. कोमट पाण्यात बुडवलं, खळबळलं, स्वच्छ फडक्याने टिपलं. बाजारातल्या दुकानदाराने तिला हे सगळं नीट दाखवलं होतं. एवढं करूनही जळकी चव गेली नाही तर आतली तापणारी तार, म्हणजे कॉइल, बदला, असंही तो म्हणाला होता. तिने कॉइल नाकाशी धरली. कसलाच वास नव्हता. चांगली कॉइल कशाला टाकायची? तिने तीच परत बसवली, कापसावर खरबुजाच्या स्वादाच्या लिक्विडचे थेंब सोडले आणि कापूस भिजायची वाट बघत उभी राहिली.

 नुसत्या व्हेपचं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. सोल्लालच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणानंतर दोघंही तापाने आडवी झाली होती. त्यातून उठल्यापासून दोक्सूला ऊठसूट करपल्याचा वास येत होता. कधी भाताला, कधी पडद्यांना. आज सकाळी तर त्याने सुक्या मासळीच्या रश्श्याचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं. “करपलाय! हे लोकांना घालणार होतीस?” ओकबुनने आधी पळीभर चाखून बघितला होता. मीठ अगदी बरोबर होतं. रश्श्यात खोट काढायला जागा नव्हती.

थोरल्या दिरांचंही असंच सुरू झालं होतं. आधी म्हणायचे, भाताला वास मारतो. मग म्हणायला लागले, बायको त्यात काहीतरी कालवते. शेवटी शेवटी पोटच्या मुलीला विचारायचे, “बाई, आपण कोण?” जाऊबाई दाराला बाहेरून कडी घालून बाजाराला जायच्या. आतून ते दार वाजवत बसायचे. तो आवाज ओकबुनने ऐकला होता.

आणि आता लोकांच्याही लक्षात यायला लागलं होतं. मघाशी कालवंवाली यांगनिम जेवायला आली होती. रोजची गिऱ्हाईक, वाडगा चाटूनपुसून साफ करणारी. आज अर्धा टाकून उठली. “भूकच नाही गं ताई,” असं म्हणाली आणि नजर चुकवून गेली. दोक्सूची सकाळची आरडाओरड तिच्या कानावर गेली असणार. आता बंदरभर होणार.

“घ्या,” तिने व्हेप पुढे केली. “आता बघा.”

दोक्सूने झुरका घेतला. त्याचं तोंड वाकडं झालं.

“जळकंच.”

“अहो, तुमच्या डोळ्यांसमोर धुतली मी.”

“मग मी काय खोटं बोलतोय?”

“तसं नाही हो.”

“मग कसं? दादासारखं व्हायला लागलंय मला. हेच ना तुझ्या मनात? बोलून टाक की!”

 आपली भीती आपण लपवून ठेवलीय, असं ओकबुनला वाटत होतं. ती तर त्याच्याही मानगुटीवर बसली होती.

दोक्सू खुर्चीत बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला. “तूच ओढून बघ,” तो हळू आवाजात म्हणाला. “एकदाच. तू सांगशील ते खरं.”

तिने जन्मात असली वस्तू ओठाला लावली नव्हती. तिने ती घेतली. मनातल्या मनात हात जोडले. जळकं लागू दे. कडू, करपट, काय वाटेल ते लागू दे, पण ह्यांचं खरं ठरू दे. तिने डोळे मिटून झुरका घेतला. घसा खरवडून निघाला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ती वाट बघत राहिली.

जळकं काही नव्हतं. कणभरसुद्धा नव्हतं.

“काही नाही हो,” ती कशीबशी म्हणाली. “चांगली आहे.”

 त्याने मान हलवली. “बरं. उद्या दवाखान्यात जाऊ. आत्ताच फोन करून नंबर लावतो.” फोन हातात घेतल्यावर त्याने लहान मुलासारखं विचारलं, “खरबूज तरी नीट लागतंय ना?”

‘हो’ म्हणायला ओकबुनने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

तिने पुन्हा झुरका घेतला. खोल. नाकातून पांढरा धूर सोडला. मग लगबगीने जाऊन तिळाच्या तेलाची बाटली उघडली आणि नाकाला लावली. आंबट-तिखट किमचीच्या बरणीचं झाकण काढलं. लसणाची पाकळी चिरडून बोटं नाकाशी नेली. कशालाच वास नव्हता. संध्याकाळसाठी गॅसवर ठेवलेल्या रश्श्याच्या पातेल्यात पळी घालून तळ खरवडला. पळीवर काळीकुट्ट खरपुडी आली.

“काय गं? काय झालं?” दोक्सू फोन कानाला लावून उभा राहिला होता.

ओकबुनने गॅस बंद केला. 

“अहो,” ती म्हणाली, “नंबर माझ्या नावाने लावा.”