मेकन शाखेतलं मतदान

पेटी उपडी झाली. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर बटणं घरंगळली. काळी, काळी, काळीच काळी. पांढरं काय ते एकच.

ओझेला टिब्सने ती नजरेने पुन्हा एकदा मोजली.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन गावच्या काळ्या बायकांच्या या क्लबात नवी सभासद घ्यायची रीत अशी: प्रत्येकीने पेटीत एक बटण टाकायचं, काळं नाहीतर पांढरं, आणि पेटी त्या बाईच्या देखतच उपडी करायची. पाठीमागे कुजबुज नको. ओझेलाला वाटलं होतं, किती सरळ मनाच्या बायका. आता कळलं, ही तोंडावर मारायची सोय आहे.

तिला क्लब हवा होता तो मिरवायला नव्हे. तिची आई गोऱ्यांचे कपडे धुवायची तेव्हा ओझेला याच क्लबाच्या पाळणाघरात वाढली. बसमध्ये मागे बसवणाऱ्या या गावाने काळ्या पोरांसाठी एक पाळणा कधी दिला नाही. या बायकांनी चर्चच्या तळघरात रांगच मांडली. आता त्यांच्यात बसून तिला त्या पाळण्यांची दोरी ओढायची होती.

काळ्या गोटीचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता. तिच्या नवऱ्याला गावातल्या लॉजने, पुरुषांच्या तसल्याच मंडळाने, मतदानात पडलेल्या एका काळ्या गोटीवर बाहेर ठेवलं होतं. एका. इथे तर ढीग.

ती उठली. स्वतः करून आणलेला नारळाचा केक तिने टेबलावरून उचलला.

"हा मी घरी नेते," ती म्हणाली. "तुम्ही शाळेत शिकवता, मी शाळेत रांधते. म्हणून नको ना मी? गोरे आपल्याला दारात उभं करत नाहीत. ते कमी पडलं असेल तर तुम्हीही दार लावून घ्या. खुशाल."

दोघी-तिघींनी तोंडावर रुमाल धरले. ओझेलाला वाटलं, लाजल्या.

"पण एकीच्या तरी अंगात माणुसकी आहे. हे पांढरं बटण जिने टाकलं त्या माउलीने उभं राहावं. केक तिचा. अख्खा."

खुर्ची करकरली. मागच्या रांगेतून लाव्होनिया स्प्रुइल उठली, मान खाली घालून. हेडमास्तरांची बायको. मघाशी दारातच 'आता आचारिणीही यायला लागल्या वाटतं' म्हणणारी, तीच.

"तुम्ही?" ओझेलाचे डोळे भरले. "अहो मिसेस स्प्रुइल, मी तुम्हाला मनात काय काय बोलले. देव तुमचं भलं करो." तिने केक लाव्होनियाच्या हातात ठेवला.

मग मात्र रुमाल पुरेनात. बायका पोट धरधरून हसायला लागल्या. लाव्होनियाला केक धरवेना की ठेववेना.

म्हाताऱ्या अध्यक्षीणबाई, मिसेस क्लोटिल्ड गेन्स, डोळे पुसत पुढे आल्या.

"बस पोरी. आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की तुला सांगायचंच राहिलं. क्लब निघाला तेव्हा पहिल्याच सभेत आपल्या बायांनी विचारलं होतं, काळं म्हणजे नाही, हे ठरवलं कुणी? तेव्हापासून मेकन शाखेत काळं म्हणजे हो."