दुसरा सुतार

"आज आला होता तो?" पायातल्या चपला न काढताच सुतारानं विचारलं.

"आला होता की." बायको उशीवरून हसली. "तुझा कठडा आवडला त्याला. म्हणाला, सांधा चांगला बसलाय."

सुतार आतल्या आत सुखावला आणि त्याचाच त्याला राग आला. हा कोण लागून गेला सांधे तपासणारा? पण तक्रार तरी कोणाकडे करणार? देवळातल्या क्रूसाकडे? आजार बायकोच्या हाडांत उतरला, त्या दिवसापासून सुतार देवळाची पायरी चढला नव्हता. आणि ज्याच्यावर रुसून त्यानं जाणं सोडलं, तो क्रूसावरचाच आता रोज दुपारी, सुतार कामावर असताना, त्याच्या घरी येऊन बसत होता.

शेजारची आजी तर आगीत तेल ओतायला तयारच. "दुपारभर बोलत असते हो तुमची बायको. इतकं माझ्याशी माझा म्हातारा उभ्या जन्मात बोलला नाही."

पोटात दुखायचं ते इथंच. दोघं एका गल्लीत वाढलेली, गोट्या खेळताना भांडलेली. आजवर तिच्या मनातलं पहिलं त्याच्या कानावर यायचं. आता त्यानं विचारलं, "दुखतंय का?" की ती म्हणायची, "नाही रे." विचारलं, "रात्री झोपलीस?" तर "झोपले की." त्याच्या वाट्याला दोन शब्द आणि त्या दुसऱ्याला अख्खी दुपार. उठवायला, पुसायला, भरवायला हा. आणि गुजगोष्टींना तो.

"तोही सुतारच ना?" एकदा त्यानं खवचटपणे विचारलं. "मग दोन-चार दिवस माझी करवत चालवायला सांग त्याला. मी बसतो तुझ्याशी बोलत."

"सांगते," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

पलंगाचा कठडा त्यानं स्वतःच्या हातानं केला होता. तिला कुशीवर वळताना धरायला आधार हवा म्हणून, जपून ठेवलेल्या सागाच्या फळीचा. गुळगुळीत, मधासारख्या रंगाचा. पण आठवडाभरात त्यावर ओरखडे दिसू लागले. बारीक, वाकडे, भिंतीकडच्या अंगाला. सुताराच्या नजरेतून लाकडावरचा केसही सुटत नाही. रविवारी सगळी गल्ली देवळात गेली की हा सँडपेपर घेऊन बसायचा, ओरखडे घासून काढायचा, वर पॉलिशचा हात फिरवायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"आजी, तुमचं मांजर आवरा. माझ्या कठड्याची पार चाळण केलीय त्यानं."

"माझं मांजर?" आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, ते उंदीर बघून माझ्या पदराआड लपतं! नखं आहेत हे तरी त्याला ठाऊक असेल का?"

"जाऊ दे ना," आतून बायको म्हणाली. "बिचाऱ्याला काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यानं दाराची चौकट चार बोटं आखूड कापली. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोकं सगळं घरी होतं. मालक काही बोलायच्या आत त्यानं हत्यारं पेटीत टाकली आणि भर दुपारी घरची वाट धरली. आज बघूनच घेऊ, काय एवढं बोलतात ते.

दारात आजीचं मांजर उन्हात पाय पसरून झोपलं होतं. त्याला ओलांडून, स्वतःच्याच घरात चोरासारखा, तो पडद्याआड उभा राहिला.

"आज फार आहे रे," बायको म्हणत होती. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. "कमरेतून वर चढतंय. बोलू नकोस. नुसता थांब."

मग दात आवळून काढलेला एक लांब हुंकार. आणि त्याबरोबर करकर, करकर. लाकडावर नखं रुतत होती.

सुतारानं मान वळवून दाराकडे पाहिलं. मांजर झोपलेलंच होतं.

"संध्याकाळी तो येईल," तिला धाप लागली होती. "तोवर उतरू दे एवढं. मला हसून बोलायचंय त्याच्याशी. बोटात कुसळ गेलं माझ्या, तरी तोंड फिरवतो तो. त्याला नाही बघवत. तुझ्यापाशी बोलता येतं. खिळे कसे असतात, ते तुला ठाऊक आहे. आणि रुसलाय तो तुझ्यावर, ते मनाला लावून घेऊ नकोस. मी गेल्यावर तो तुला बोलावणार नाही. हट्टी आहे. तू आपला न बोलावता ये. बस त्याच्यापाशी."

पुन्हा करकर सुरू झाली.

आजवरच्या सगळ्या दुपारी तिनं या दुखण्याचंच गाऱ्हाणं घातलं होतं. आणि तिनं उमटवलेलं सगळं हा दर रविवारी घासून पुसून टाकत होता.

सुतार आत गेला. ती डोळे घट्ट मिटून, भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानं बाही वर सारली. कठड्यावरची तिची बोटं एकेक करून सोडवली आणि आपल्या मनगटावर ठेवली. नखं खोल रुतली. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही.

"आलास?" डोळे न उघडताच तिनं विचारलं.

कोणाला विचारलं, ते त्याला कळलं नाही. दोघांच्या वतीनं तो म्हणाला, "आलो."