इंदूताईंची चटणी

“बाबा, मागे कसली घरघर चाललीय?” कॅनडातल्या लेकीने स्क्रीनवरून विचारलं.

घरघर कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कची होती. “इंदूताई मिक्सरवर चटणी वाटतायत,” खानोलकर बोलून गेले. इंदूताईंनी स्वयंपाकाचं काम सोडून दोन महिने झाले होते. पण खरं सांगितलं असतं, तर लेकीच्या जिवाला घोर लागला असता. तेव्हापासून दर रविवारी ती घरघर ऐकून लेक निर्धास्त व्हायची.

मग डिस्क बंदच पडली. दुरुस्तीवाल्याने नवी बसवली. “आता ही चकार शब्द काढणार नाही, काका!”

रविवारी लेकीने कान टवकारले. “आज ताई आल्या नाहीत?”

“आल्यात की!” खानोलकर उठले, स्वयंपाकघरात गेले आणि रिकामाच मिक्सर लावून आले. “हं, बोल आता.”