वायरवाली की बॅटरीवाली?

"ताई, तुझी वायर माझ्या हद्दीत आली!" असं ओरडत मुकुंदानं पुन्हा बटण बंद केलं आणि नलूच्या हातातली नट खोलायची गन गाडीच्या चाकावरच गप्प झाली.

वडिलांच्या गॅरेजची वाटणी झाली तेव्हा विजेचा बोर्ड भावाच्या अर्ध्यात गेला होता. तेव्हापासून दर गिऱ्हाइकासमोर हाच तमाशा! वर पालुपद ठरलेलं, "तुझा अर्धा भाग देऊन टाक मला. सासरी जा, काय करायचं ते तिथं कर." त्या दिवशी तर त्यानं पकडीनं वायरच तोडली.

नलू तडक नवी गन घ्यायला दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "वायरवालीच घ्या, बाई. जोर जास्त आणि चार्जिंगची कटकट नाही." त्याचं खरंच होतं. तरी नलूनं बॅटरीवाली उचलली.

दुसऱ्या दिवशी पलीकडून घरघर ऐकू येताच मुकुंदानं धावत जाऊन बटण बंद केलं. गन चालूच! मग त्यानं चिडून मेन स्विचच खाली ओढला. त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला, पंखा थांबला, त्याचं गिऱ्हाईक घाम पुसत नलूकडे आलं, आणि नलूचं चाक एव्हाना निघालंसुद्धा होतं.

"बोर्ड माझ्याकडे आहे. बॅटरी चार्ज कुठं केलीस?" तो फणफणला.

नलूनं गन एकदा ऐटीत फिरवली.

"सासरी! तूच म्हणाला होतास ना, काय करायचं ते तिथं कर?"