तापणारी डावी बाजू

गेमिंग लॅपटॉपची डावी बाजू तव्यासारखी तापायला लागली, तसा त्याचा जीव टांगणीला लागला. आठवडाभर त्याला दुसरं काही सुचेना. सेटिंग बदलून झालं, खाली स्टँड लावून झाला. शेवटी रजा टाकून त्याने दुरुस्तीचं दुकान गाठलं. कारागिराने पंख्यातली धूळ काढली, चिपवर उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली आणि लॅपटॉप थंडगार झाला.

संध्याकाळी तो खुशीत खेळायला बसला. गेल्या आठवड्यात थंडी वाढल्यापासून वडील रोज त्याच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसायचे. गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, तरी लॅपटॉपच्या कडेला हात ठेवून तासतासभर बघायचे. या वयात म्हाताऱ्याला नाद लागला, असं तो बायकोला हसत हसत सांगायचा. आज मात्र वडील दहाच मिनिटांत हात चोळत उठले.

"का हो बाबा, कंटाळलात? आत्ता कुठे लढाई रंगतेय!"

"तू खेळ रे. मी आपला पांघरुणात शिरतो."

तो मागोमाग त्यांच्या खोलीत गेला. पाऊल टाकताच फरशीचा गारठा तळव्यातून वर चढला.

"बाबा, हीटर का नाही लावला?" त्याने विचारलं आणि हीटरचं बटण दाबलं; तो लागेचना.



वडील ओशाळून म्हणाले, "तो बंद पडून दोन महिने झाले. तू म्हणाला होतास ना, सवड मिळाली की बघतो... म्हटलं, कशाला उगाच तुझ्या मागे लागायचं?"