अर्धा ट्रे

अर्ध्या ट्रेमधली पानं रुंद निघाली, म्हणून बाई खाली वाकल्या. ही टोमॅटोची रोपं नव्हती, ढोबळी मिरचीची होती. कोवळ्या माना नुकत्याच मातीबाहेर आल्या होत्या. काहींच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलं होतं.



त्या रोपवाटिकेच्या प्रमुख. बारा दिवसांपूर्वी, मालकांनी मुद्दाम मागवलेल्या मिरचीच्या बियांचं पाकीट टेबलावरून नाहीसं झालं. काम सुटताना सगळ्यांच्या पिशव्या तपासणार, असं बाईंनी दुपारीच बजावलं आणि संध्याकाळी माळीकाकांची पिशवी सगळ्यांसमोर स्वतः उलटी केली. रिकामा डबा निघाला, चष्मा निघाला. काका चकार शब्द बोलले नाहीत. मान खाली घालून गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. मनात पाप नसतं तर तोंड उघडलं असतं, असं बाई तेव्हा चारचौघांत म्हणाल्या होत्या.

आणि बिया इथे! ट्रेवरच्या 'टोमॅटो' लिहिलेल्या पट्टीवर अक्षर बाईंचंच. त्या दिवशी अंगात ताप होता. टोमॅटोनं अर्धा ट्रे भरल्यावर हे पाकीटही आपणच फोडलं असणार.

त्यांनी मालकांना सांगितलं. मग सगळ्या कामगारांना गोळा करून, चूक माझी होती, असं उभ्यानं कबूल केलं. एकेक जण खाली बघत कामाला लागला, तेच जास्त झोंबलं.

संध्याकाळी त्या काकांच्या घरी गेल्या. खोली छोटी, पण लख्ख. बाईंनी हात जोडले. काका भिंतीकडे बघत राहिले. बोलल्या त्या काकू.

"मी म्हणतच होते. तीस वर्षं दुसऱ्याच्या मातीत हात घातले यांनी. नखातल्या मातीशिवाय घरी काही आणलं नाही."

बाईंना वर बघवेना. उद्यापासून कामावर या, एवढंच कसंबसं म्हणून त्या उठल्या.

काका पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तिथे थांबले. चप्पल जमिनीवर घासत राहिले.

"त्या बिया तुम्ही पेरल्या नव्हत्या, बाई," ते हळूच म्हणाले. "पिशव्या बघणार म्हणालात, तेव्हा मीच माझ्या पिशवीतल्या काढून घाईघाईनं ट्रेमध्ये टोचल्या. तेवढं हिला सांगू नका."